फळीवरची आत्याबाई

आमच्या घरात माझ्या नोकरीला 'फळी' म्हणतात. कुणाचा फोन आला की बायको सांगते, "ते फळीवर गेलेत," आणि पलीकडच्याला वाटतं, मी सुतार असणार. सासऱ्यांना शेवटपर्यंत वाटत होतं की जावई रेडिओ दुरुस्त करतो. तो गैरसमज मी दूर केला नाही. खरं काम सांगितलं असतं तर त्यांनी मला बेकारच समजलं असतं.

या अंकासाठी लिहा म्हणून संपादक घरी आले तेव्हा त्यांनी अट घातली, तरुणांना प्रेरणा मिळेल असं काहीतरी पाहिजे. ती अट मी आत्ताच मोडतो. सुजाता नावाच्या एका हुशार मुलीची नोकरी माझ्यामुळं गेली, ती कशी, ते मी सांगणार आहे. प्रेरणा ज्याची त्यानं हुडकावी.

आधी धंदा सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पंपाच्या स्टार्टरमध्ये, वजनकाट्यात, मिक्सरमध्ये, कुठंही बघा, नखाएवढी एक चिप असते. तिला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. तिला फक्त आकडे कळतात. माणूस प्रोग्राम लिहितो तो इंग्रजीसारख्या दिसणाऱ्या भाषेत. मध्ये दुभाष्या लागतो, तो कंपायलर. या दुभाष्याचेही दोन भाग. पुढचा भाग माणसाचं म्हणणं समजून घेतो. मागचा भाग, म्हणजे बॅकएंड, ते एकेका चिपेच्या बोलीत उतरवून देतो. कागलची बोली वेगळी, गडहिंग्लजची वेगळी, तसंच चिपांचं. त्यातून या छोट्या चिपांत जागा इतकी कमी, की बॅकएंड लिहिणाऱ्याला सारखी काटकसर करावी लागते. एक आकडा वाचवला की त्याला कोण आनंद होतो. आणि तिथंच तो चुकतो.

ही चूक धरायची, हे माझं काम. पुण्यातली एक छोटी कंपनी असा कंपायलर बनवते. तिथं मंदार नावाचा गृहस्थ बॅकएंड लिहितो. रोज सकाळी तो सुधारलेला कंपायलर पाठवतो, मी त्यातून शेकडो बारके बारके प्रोग्राम काढतो, खऱ्याखुऱ्या चिपांत भरतो आणि उत्तरं बरोबर येतात का बघतो. काल बरोबर येणारं उत्तर आज चुकलं, तर त्याला आम्ही रिग्रेशन म्हणतो. एक नळ दुरुस्त करायला प्लंबर येतो आणि तो गेल्यावर दुसरा चांगला नळ गळायला लागतो, ते रिग्रेशन. ते लिहून मंदारला कळवायचं, आणि तो "काका, शक्यच नाही" म्हणाला की शांत बसायचं. थोड्या वेळानं त्याचा परत फोन येतो आणि तो नुसतं "च्यायला" म्हणतो. पुण्याच्या माणसाच्या तोंडून आलेला हा शब्द मी पुरस्कारात धरतो. असे बरेच पुरस्कार माझ्या नावावर आहेत.

माझी खोली कोल्हापूरच्या उद्यमनगरात, आप्पांच्या लेथच्या शॉपवर. पुण्याच्या लोकांना मी सांगितलं होतं की चिपांना शेवटी धुरळ्यात आणि हादऱ्यातच राबायचं असतं, मग त्यांना एसीत बसवून कशाला तपासायचं? ते त्यांना फार पटलं. खरं कारण म्हणजे आप्पांकडचा चहा. आप्पा मूळचे सीमेकडचे, घरात कानडी, बाहेर मराठी. गिऱ्हाइकावर चिडले की मराठीत बोलतात, लेथवर चिडले की कानडीत. लेथला जास्त लागतं, असं त्यांचं म्हणणं आहे.

खोलीत भिंतीला आंब्याची लांब फळी ठोकलेली आहे आणि तिच्यावर नऊ सर्किट बोर्ड स्क्रूनं बसवलेत. प्रत्येकावर वेगळ्या घराण्यातली चिप. नंबर लक्षात राहीनात म्हणून मी नावं ठेवली. थोरली, मधली, धाकटी, पुढं दोन जावा, असं करत कोपऱ्यात आत्याबाई. आत्याबाईची चिप सगळ्यात जुनी आणि सगळ्यात कमी जागेची. बाकीच्या आठजणी गपगुमान काम करतात, आणि हिचं काहीतरी खुसपट असतंच. लग्नात प्रत्येक आत्याबाईला मानपान कमी पडतो, तसंच. त्यातून दोनदा तिची वायर खरोखरच सैल झालेली निघाली होती, लेथच्या हादऱ्यानं. तेव्हापासून ती काही म्हणाली की मी आधी वायरच हलवून बघायचो.

गिऱ्हाइकांच्या तक्रारीही माझ्याकडंच यायच्या. बिद्रीकडचे एक जण बोर्ड घेऊन थेट जिना चढून आले आणि तुमचा कंपायलर भिकार आहे, म्हणून त्यांनी अर्धा तास ऐकवलं. बोर्डाला जळकट वास येत होता. बघतो तर चिप उलटी बसवलेली. मी दाखवून दिलं. त्यांनी नीट बघितलं आणि शांतपणे विचारलं, "मग कंपायलरनं सांगाय नको व्हय?" इचलकरंजीच्या दुसऱ्या एकांनी 'अतितातडीचे' म्हणून चार पत्रं पाठवली आणि शेवटी पिन सॉकेटात नव्हती असं निघालं. अशांना तोंड देऊन देऊन माझं एक वाक्य पाठ झालं होतं, "तुमचा कोड पुन्हा बघा." ते इतक्या वेळा खरं ठरलं की मी समोरच्याचं ऐकायच्या आधीच ते बोलायला लागलो.

परवाच्या नव्हे, त्याच्या आधीच्या दसऱ्यानंतरची गोष्ट. दिवाळीच्या आत कंपायलरची नवी आवृत्ती बाहेर काढायची, असं पुण्यात ठरलेलं. मंदारनं त्यात काटकसरीची एक नवी युक्ती घातली होती आणि तिच्यावर तो भलताच खूश होता. आठ बोर्डांवर सगळ्या चाचण्या पास झाल्या. आत्याबाईवर एक फेल. चाचणी साधीच, दोन मोठे आकडे द्यायचे आणि लहान कुठला ते विचारायचं. मी वायर हलवली. परत फेल. दुसऱ्या दिवशी फेल, तिसऱ्या दिवशी फेल.

तिसऱ्या दिवशी मी खाली जाऊन आप्पांशी भांडलो. त्यांच्या लेथवर तेव्हा कसलातरी जड शाफ्ट चढवलेला होता. तुमच्या हादऱ्यानं माझं काम अडलंय, असं मी चारचौघांत म्हणालो.

आप्पांनी लेथ थांबवला, हात पुसले आणि विचारलं, "मास्तर, आमच्या लेथनं तुमच्या आत्याबाईचं काय घोडं मारलंय?"

पण माणूस मोठ्या मनाचा. दुसऱ्या दिवशी त्यांनी लेथच्या पायांखाली रबराचे जाड तुकडे घातले. चाचणी फेल. मग एक दिवस त्यांनी अख्खी सकाळ लेथ बंद ठेवला, गिऱ्हाइकाला थांबवून ठेवलं, आणि स्वतः वर येऊन फळीसमोर उभे राहिले. चाचणी फेल. आता कुठल्याही शहाण्या माणसाला इथं कळायला पाहिजे होतं. मी म्हटलं, शेजारच्या गाळ्यात वेल्डिंग चालतं, त्याचं असेल. आप्पा खाली गेले आणि त्यांनी लेथ चालू केला.

आमच्याकडं एक फाइल असते. एखादी चाचणी काही कारणानं मोजायची नसेल तर तिचं नाव त्या फाइलीत टाकायचं, पुढं कारण लिहायचं, मग ती फेल गेली तरी निकालात दिसत नाही. मी माझ्या फाइलीला 'रुसवेफुगवे' असं नाव दिलं होतं आणि त्या विनोदावर मी फार खूश होतो. अकराव्या दिवशी मंदारचा फोन आला, काका, सगळं हिरवं आहे ना, म्हणजे सगळ्या चाचण्या पास? मी आत्याबाईची ती चाचणी फाइलीत टाकली, पुढं कारण लिहिलं 'खालचा लेथ', आणि म्हणालो, हिरवंगार. आवृत्ती बाहेर पडली. पुण्याहून मिठाईचा पुडा आला, तो मी आणि आप्पांनी मिळून संपवला.

आता सुजाता. शिरोली एमआयडीसीत एका कारखान्यात अंडी उबवायची यंत्रं बनतात. त्यांच्या कंट्रोलरचा प्रोग्राम ती लिहायची. डिप्लोमा करून लागलेली, घरातली पहिलीच पगारदार. दोन-तीनदा माझ्याकडं शंका घेऊन आली होती आणि प्रश्न इतका नेमका विचारायची की उत्तर देताना मला सावरून बसावं लागायचं. नवी आवृत्ती वापर, असं तिला मीच सांगितलेलं.

जानेवारीत ती आली ती चेहरा पाडूनच. मुरगूडच्या एका पोल्ट्रीवाल्याकडं त्यांचं यंत्र होतं. एका रात्री लाईट गेली ती पहाटे आली. पंखा फिरला, आकडे लागले, सगळं सुरू झालं, फक्त हीटर लागला नाही. सहाशे अंडी, पिल्लं बाहेर यायला तीन दिवस राहिलेले. सगळी गेली. मालक म्हणत होते, प्रोग्राम कुणी लिहिला? चूक लिहून दे, मग पुढचं बघू. आणि कारखान्यात तेच यंत्र लावलं की हीटर दर वेळी व्यवस्थित लागत होता, त्यामुळं तिला काही सिद्धही करता येईना.

"सर, तापमान कमी असलं तर हीटर लाव, एवढीच ओळ हाय," ती म्हणाली. "त्यात चुकायचं काय? मला कंपायलरचाच संशय येतोय."

तिच्या हातात पेन ड्राइव्ह होता. तो मी घेतला नाही. मी म्हटलं, "तुझा कोड पुन्हा बघ."

"तीनदा बघितला, सर."

"मग चौथ्यांदा बघ."

ती पेन ड्राइव्ह पर्समध्ये टाकून जिना उतरून गेली. मी लगेच कामाला लागलो. मला काही वाटलंसुद्धा नाही, आणि हे लिहिताना त्याचीच जास्त लाज वाटते. आठवड्यानं कळलं की तिनं मालकांना 'चूक माझी' असं लिहून दिलं आणि मालकांनी तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. मी बायकोला म्हणालो, पोरगी चांगली होती, जरा घाई करायची.

कोल्हापुरात दोन माणसं अनोळखी असली तर तिसरा दोघांचा पाहुणा निघतो. मुरगूडचा तो पोल्ट्रीवाला आप्पांचा मेहुणा निघाला. यंत्राच्या दाराची बिजागरी मोडली होती, ती करून घ्यायला त्यानं यंत्र आप्पांच्या शॉपमध्ये आणून टाकलं. थंडी कडाक्याची, वर पत्रा. सकाळी आप्पांनी सहज पिन लावली. हीटर लागेना. दुपारी पत्रा तापल्यावर लावली तर लागला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. मग त्यांनी जिन्याखालून हाक मारली.

"मास्तर, ह्या यंत्राला सकाळी थंडी वाजती तवा शेगडी पेटत न्हाय, आन् दुपारी घाम फुटला की पेटती. असलं कसलं यंत्र ओ?"

मी हसतच खाली गेलो. यंत्रावर आकडा होता १४.८. हीटर बंद. मी तो आकडा बघत राहिलो आणि माझं हसू हळूहळू गेलं.

काय झालं होतं ते सांगतो, यात अवघड काही नाही. त्या चिपेच्या एका खिशात २५५ पर्यंतच आकडा मावतो. मोठा आकडा असला की तो दोन खिशांत ठेवायचा, मोठ्या खिशात २५६ च्या किती राशी झाल्या ते, आणि लहान खिशात उरलेलं. सुजाताचा प्रोग्राम तापमान दशांशाशिवाय ठेवायचा, अंड्यांना लागणारं ३७.५ म्हणजे ३७५. मोठ्या खिशात एक, लहान खिशात ११९. थंडीतलं १४.८ म्हणजे १४८. मोठ्या खिशात काही नाही, लहान खिशात १४८. दोन्हींत लहान कोण, हे आधी मोठा खिसा बघून ठरवायचं असतं. मंदारच्या काटकसरीनं मोठा खिसा बघायचं सोडून दिलं होतं. मग चिपेनं ११९ आणि १४८ बघितले आणि ठरवलं, की १४८ म्हणजे भरपूर ऊब आहे, हीटर कशाला? २५.६ च्या वर तापमान असलं की दोन्हीकडं मोठ्या खिशात एकच असतो, त्यामुळं उत्तर आपोआप बरोबर येतं. आणि शिरोलीतल्या त्या कारखान्याची भिंत शेजारच्या फाउंड्रीच्या भट्टीला लागून आहे. तिथं जानेवारीतसुद्धा लोक बनियनवर काम करतात. तिथं ही चूक जन्मात सापडली नसती.

यंत्रातली चिप आत्याबाईच्याच घराण्यातली होती. मंदारची युक्ती फक्त सगळ्यात कमी जागेच्या चिपेला लागू होत होती, म्हणून बाकीच्या आठजणी गप्प होत्या.

मी वर आलो आणि 'रुसवेफुगवे' उघडली. तिथं माझ्याच अकलेचं वाक्य बसलेलं होतं, 'खालचा लेथ'. एरवी चुकीचा प्रोग्राम आटवत आटवत चार ओळींवर आणायला मला दोन दिवस लागतात, गुऱ्हाळात रस आटवतात तसा. त्या दिवशी काही आटवावं लागलं नाही. चार ओळींची चाचणी तयारच होती, मी तिचं तोंड बांधून ठेवलेलं. रिपोर्ट लिहिला. त्यात एक रकाना असतो, ही चूक चाचणीत का पकडली गेली नाही? मी लिहिलं, 'पकडली होती. मी दाबली.' मंदार म्हणाला शक्यच नाही, आणि मग म्हणाला च्यायला, पण या वेळी मला काही बरं वाटलं नाही.

खाली जाऊन आप्पांची माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग रबर काढू का आता?" आणि चहा सांगितला. मग जरा वेळानं म्हणाले की त्या पोरीकडं जा आधी, हितं काय बसलाय.

पहिल्यांदा शिरोलीला मालकांकडं गेलो. मालक वाईट माणूस नाही. त्यांनी सगळं समजून घेतलं, दोनदा विचारलं की म्हणजे पोरीची चूक नव्हती? मग त्यांना रागही आला, की नव्हती तर तिनं लिहून कशाला दिलं? मी म्हटलं, तिनं एका जाणकाराला विचारलं होतं, आणि जाणकारानं तुझीच चूक म्हणून सांगितलं. कोण तो शहाणा, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी कपाटातून तिचा कागद काढून माझ्या हातात दिला आणि उद्यापासून ये म्हणावं, असा निरोप दिला.

सुजाता मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसत होती. गिऱ्हाइकाचे सातबारे काढता काढता तिनं माझं सगळं ऐकलं. मी काही लपवलं नाही. फाइलीचं नावसुद्धा सांगितलं. तिनं मशीन थांबवून विचारलं, "ती चाचणी किती दिवस फेल जात हुती?"

"अकरा."

"लेथ बंद ठेवला तवाबी?"

"तवाबी."

"म्हणजे ती रोज खरं सांगत हुती," ती म्हणाली. "तिला निदान यादीत तरी टाकलासा, सर. मला तेवढंबी न्हाई."

मी मालकांचा निरोप दिला. ती म्हणाली की जिथं 'चूक माझी' म्हणून सही केली, तिथं त्याच खुर्चीत परत बसायचं नाही. मी आग्रह केला नाही, करायला तोंडही नव्हतं. पुढं तिनं दुसरीकडं काम धरलं, कुठं ते तिनं मला सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. कंपायलरविषयीच्या तिच्या तक्रारी मात्र अधूनमधून पुण्यामार्फत येतात. अजून तरी एकही खोटी निघालेली नाही.

त्या दिवशी निघताना मी तिचा कागद तिला परत दिला. मला वाटलं, ती फाडून टाकेल. तिनं तो मशीनवर ठेवला, एक झेरॉक्स काढली, ती माझ्या हातात दिली आणि मग मूळ कागद बारीक फाडून डब्यात टाकला. ही तुमच्या फळीवर लावा, एवढंच म्हणाली.

ती झेरॉक्स आत्याबाईच्या वर भिंतीला चिकटवलेली आहे. 'रुसवेफुगवे' आता रिकामी असते. रोज सकाळी मंदारचा कंपायलर आला की निकाल बघायच्या आधी माझी नजर त्या कागदावर जाते. अक्षर सुरेख आहे. 'प्रोग्राममधली चूक माझी आहे.' आणि खाली सही तिची आहे.